स्कोडाची स्लाव्हिया: ‘परदेशी गाडी’ हा गैरसमज

स्कोडाचे सुटे भाग परदेशातून येतात, म्हणून तिची सेडान होंडा सिटीसमोर टिकणार नाही, हा मुंबईत वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज स्लाव्हियाच्या बाबतीत खरा नाही. 2022 मध्ये आलेली ही गाडी चाकणला तयार होते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तिचे सुमारे 95 टक्के भाग भारतीय आहेत. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. सिटीच्या पेट्रोल इंजिनाचा 145 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला 4300 फेऱ्यांना मिळतो. स्लाव्हियाचे एक लिटरचे टर्बो इंजिन 178 न्यूटन-मीटर 1750 फेऱ्यांनाच देते, त्यामुळे उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन फारसे ताणावे लागत नाही. दीड लिटरच्या स्लाव्हियातील डीएसजी हा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या आणि थांबत-चालत जाताना लवकर तापणाऱ्या, क्लचचा असल्याने, अंधेरीच्या रोजच्या कोंडीसाठी एक लिटरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारी) ऑटोमॅटिकच मला अधिक योग्य वाटते.