शेंगाचटणीवर आळ, चहाला मोकळीक

सोलापुरात रक्ताच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा ठळक छापून आला की घरात पहिली गदा येते ती शेंगाचटणीवर. आमच्या मामांचा आकडा 280 निघाला, त्याच संध्याकाळी चटणीची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात गेली. चहा मात्र होता तसाच. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. त्यांचे मित्र आले तर म्हणाले, "चटणीबिगर भाकरी उतरते व्हय बे घशाखाली?"

चटणीवर आळ येण्याचं कारण जुनं आहे. तेल-तूप म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने 1823 च्या ग्रंथात मांडलं. ग्लिसरीनच्या एका कण्याला तीन मेदाम्लं चिकटली की झालं ट्रायग्लिसराइड. कढईतलं तेल तेच, पोटावरची चरबी तीच आणि रक्तातला आकडाही त्याचाच. मग तेल खाल्लं म्हणून रक्तात तेल चढलं, हा हिशेब कुणालाही पटेल असाच आहे.

तो बिघडवला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या एडवर्ड अहरेन्स यांनी. काही रुग्णांचं रक्त काढून ठेवलं की वरचा द्रव दुधासारखा पांढुरका दिसायचा. ती नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की भेद कळतो. खाल्लेल्या स्निग्धाचे कण वर येऊन दुधावरच्या सायीसारखे जमतात. यकृताने स्वतः बनवून पाठवलेले कण खाली येत नाहीत, वर येत नाहीत, सगळा द्रव गढूळच राहतो. अहरेन्स यांनी रुग्णांना मोजूनमापून पातळ आहार दिला आणि 1961 मध्ये सांगितलं की रक्त असं पांढुरकं होण्याचे प्रकार दोन. स्निग्धामुळे होणारा क्वचित आढळतो. बहुतेकांत कारण निघतं ते पिठूळ आणि गोड पदार्थांचं. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि रक्तात सोडतं. दारूनेही तेच होतं.

हे ऐकलं कुणी? फारसं नाही. त्या काळी सगळ्यांचं लक्ष कोलेस्टेरॉलवर होतं आणि ट्रायग्लिसराइड मागच्या रांगेत उभं. 1972 मध्ये फ्रीडवाल्ड यांचं सूत्र आलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वजा करा, ट्रायग्लिसराइडला पाचने भागून तेही वजा करा, उरलं ते एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. त्या भागाकारापायी हा आकडा घरोघरच्या रिपोर्टवर आला आणि "बारा तास उपाशी या" हा निरोपही रुळला. आकडा 400 च्या पुढे गेला की मात्र हे सूत्र चालत नाही.

त्याच 1972 साली सोलापूर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी. आणि हा जिल्हा कुठला, तर ज्वारीचा. मोहोळला 1930 च्या दशकात मालदांडी या गावरान ज्वारीतून एम 35-1 हा वाण निवडला गेला, तो आजही पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पुढे 1980 मध्ये उजनी धरण झालं, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आणि उसामागून कारखाने. रेशनच्या गव्हा-तांदळाने ताटातली भाकरी हळूहळू मागे ढकलली. साखर पूर्वी पाहुण्यांपुरती असायची, ती रोजची झाली. आकडे वाढण्याचं सगळं खापर यावर फोडणार नाही. बसून काम करणंही त्यात आलंच. पण चटणी तेव्हाही ताटात होती, हे विसरून कसं चालेल?

"मी तर बारीक आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं एक उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये स्वतःचाच फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2!

साधारण हिशेब असा: 150 पर्यंत ठीक, 200 च्या पुढे जास्त. या टप्प्यात साखर, मैदा, गोड सरबतं आणि दारू कमी करणं, वजन थोडं उतरवणं याचा गुण चांगला येतो. भाकरीलाही मोकळं रान नाही, चार खाल्ल्या तर तेही पीठच. 500 च्या वर गेलं की गोष्ट वेगळी. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, डॉक्टर तेल-तूपही कडक तोडायला सांगतात आणि चटणीची बरणी खरोखरच वर ठेवावी लागते.

मामांची बरणी आता खाली आली आहे. कडक भाकरीबरोबर चमचाभर चटणी, वर दही. सहाच्या जागी दोन कप चहा, तोही बिनसाखरेचा. त्याला ते काढा म्हणतात आणि मामी ऐकून न ऐकल्यासारखं करते.