पॅथॉलॉजी प्रॅक्टिकल (दुसरं एमबीबीएस)

पॅथॉलॉजी प्रॅक्टिकल ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातली परीक्षा. पॅथो (पॅथॉलॉजी), फार्मा (औषधशास्त्र) आणि मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) हे तीन विषय या वर्षी सोबत येतात, त्यातल्या पॅथोमध्ये आजार झाला की अवयवात, पेशीत आणि रक्तात नेमकं काय बिघडतं ते शिकवतात, आणि ते मुलाला डोळ्यांनी ओळखता येतं का आणि साध्या टेस्ट हाताने करता येतात का हे या परीक्षेत बघतात. २०१९ पासून लागू झालेल्या सीबीएमई (कौशल्यांवर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमात पॅथॉलॉजीला थिअरीचे प्रत्येकी १०० मार्कांचे दोन पेपर आणि प्रॅक्टिकल-व्हायवा (तोंडी परीक्षा) मिळून १०० मार्क अशी वाटणी आहे. नियम दिल्लीहून येतात, आधी एमसीआय म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाकडून यायचे, सप्टेंबर २०२० पासून एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून. महाराष्ट्रात परीक्षा घेतं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ साली सुरू झालं. परीक्षेला बसायला थिअरीच्या लेक्चरला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते.

परीक्षा साधारण अशी असते की एका टेबलावर रक्त, एका टेबलावर लघवी, एक हिस्टोची (अवयवाच्या पातळ कापाची) स्लाइड, बरणीतले ग्रॉस स्पेसिमेन म्हणजे जपून ठेवलेले आजारी अवयव, एखादा केस चार्ट, स्पॉट म्हणजे बघून झटपट ओळखायच्या वस्तू, आणि शेवटी व्हायवा. समोर एक आपल्या कॉलेजचे इंटर्नल परीक्षक आणि एक बाहेरून आलेले एक्स्टर्नल. क्रम प्रत्येक कॉलेजात वेगळा.

रक्ताच्या टेबलावर डिफरन्शियल काउंट, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती ते मोजणं, हे नेहमीचं गिऱ्हाईक. काचेवर रक्ताची पातळ फिल्म ओढायची, लिशमन स्टेन (पेशी रंगवायचा रंग) टाकायचा, मग मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली नागमोडी सरकत १०० पांढऱ्या पेशी मोजायच्या. फिल्म जिभेच्या आकाराची आणि शेवटाकडे पातळ होत गेलेली हवी, पण थरथरत्या हाताने ती एकतर जाड होते नाहीतर मध्येच तुटते. हिमोग्लोबिनसाठी साहली पद्धत अजून चालते, म्हणजे ट्यूबमध्ये डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, आणि मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर टाकत ट्यूबमधला तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत डोळे फोडायचे. दोन मुलांचं उत्तर जुळेल तर शपथ. बाहेरच्या लॅबमध्ये हे सगळं आता मशीन करतं, तरी परीक्षेत साहली आहेच, आणि माझ्या मते ते बरंच आहे कारण मशीनने दिलेला आकडा चुकू शकतो हे त्याशिवाय कळत नाही.

लघवीत बेनेडिक्ट टेस्ट असते: ५ मिली बेनेडिक्ट, त्यात ८ थेंब लघवी, उकळायचं, निळं राहिलं तर साखर नाही आणि हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झालं तर भरपूर. प्रोटीनसाठी ट्यूबचा वरचा भागच तापवायचा, म्हणजे खालच्या स्वच्छ भागाशी तुलना करता येते, आणि गढूळपणा आला की लगेच पॉझिटिव्ह लिहायचं नाही, आधी ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. फॉस्फेट असेल तर गढूळपणा जातो, प्रोटीन असेल तर राहतो. हे "आधी थेंब टाक" विसरलेली मुलं दर बॅचला सापडतात.

पण परीक्षेचा जीव आहे तो स्लाइड आणि बरणीत. शरीरातून काढलेला तुकडा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात म्हणजे तो सडत नाही, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात, आणि त्या जागी वितळलेलं पॅराफिन मेण भरतात. मेणाचा ठोकळा मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा कापायचा आणि एच अँड ई करायचं, म्हणजे हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लियस निळे-जांभळे आणि इओसिनने बाकीचं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मूळचं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतं.

समजा हार्ट अटॅकने गेलेल्या माणसाच्या हृदयाची स्लाइड लागली. मुलगा बघतो, गुलाबी पट्टे दिसतात, आकार जागच्या जागी आहेत पण न्यूक्लियस गायब. हे कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस, म्हणजे पेशी मेली पण तिचा सांगाडा काही दिवस उभा राहिला. रक्तपुरवठा तुटला की बहुतेक अवयवांत असंच होतं, मेंदू सोडून, तिथे भाग विरघळून पातळ होतो. टीबीत चीजसारखा भुगा, पॅनक्रियाजच्या आजूबाजूला चरबी मरून खडूसारखे पांढरे ठिपके, असे मरणाचेही प्रकार आहेत. पण चांगला परीक्षक इथे थांबत नाही, तो विचारतो "अटॅक येऊन किती दिवस झाले असतील?" आणि तिथे खरी गंमत आहे, कारण स्लाइडमध्ये वेळ लिहिलेली असते. पहिले काही तास साध्या मायक्रोस्कोपला जवळजवळ काहीच दिसत नाही, एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गर्दी करतात, मग मेलेलं उचलायला मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येतात, आठवडा-दहा दिवसांनी नवीन बारीक रक्तवाहिन्यांचं ग्रॅन्युलेशन टिश्यू, आणि साधारण दोन महिन्यांत पांढरा घट्ट व्रण. पुढचा प्रश्न ठरलेला, "हे माणूस मेल्यानंतर झालेलं नाही कशावरून?" उत्तर असं की मेल्यानंतर पेशी आपोआप विरघळतात पण आजूबाजूला सूज येत नाही, न्यूट्रोफिल धावून यायला माणूस जिवंत असावा लागतो.

बरण्यांचं वेगळंच जग आहे आणि ओळख पटवायला वर्णनं सगळी स्वयंपाकघरातून आणलेली. हार्ट फेल्युअरमध्ये रक्त तुंबलेलं लिव्हर कापलं की आतून जायफळासारखं दिसतं, गॉलब्लॅडरच्या आतल्या अस्तरावर कोलेस्टेरॉलचे पिवळे ठिपके आले की स्ट्रॉबेरी, पेरिकार्डियमला (हृदयाभोवतीच्या आवरणाला) सूज आली की ब्रेड आणि बटर. अमिबाच्या लिव्हर ॲब्सेसमधल्या पुवाला अँचोव्ही (एक छोटा मासा) सॉस म्हणतात, आणि अँचोव्ही सॉस वर्गातल्या कुणी आयुष्यात पाहिलेला नसतो तरी सगळे बिनधास्त लिहितात. जायफळ मात्र घरी किसलेलं असतं म्हणून ते लगेच डोक्यात बसतं.

आणि इथेच या परीक्षेची जुनी खोड आहे. बरण्या वर्षानुवर्षं त्याच, त्यामुळे सिनियर ज्युनियरला सांगतो की झाकणावर चीर आहे ती किडनी, लेबल कोपऱ्यात फाटलंय ते हायडॅटिड (कृमीमुळे होणारी पाण्याने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट). आमच्याही बॅचने ते केलंय, कुठल्या कॉलेजात ते राहू दे. एका मुलाने व्हायवात "सर, हायडॅटिड सिस्ट" म्हणून बरोबर सांगितलं, सरांनी शांतपणे बरणी फिरवून पाठ दाखवली, "बरं बाळा, आता लेबल नाहीये, सिस्ट कुठे आहे ते बोट ठेवून दाखव," आणि तो तिथेच अडकला. ओळखलं होतं, बघितलं नव्हतं.

यावर उतारा म्हणून ऑस्पे ही परीक्षेची पद्धत आली. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये पेशंट तपासण्याच्या परीक्षेसाठी ऑस्की मांडली, म्हणजे विद्यार्थी ठरावीक मिनिटांच्या स्टेशनांवरून घंटेवर पुढे सरकतो आणि परीक्षकाच्या हातात आधीच ठरवलेली चेकलिस्ट असते. तीच कल्पना लॅबच्या विषयांना लावली की ऑस्पे. फिल्म ओढली का, ॲसेटिक ॲसिड टाकलं का, प्रत्येक पायरीला मार्क, त्यामुळे परीक्षकाचा मूड कसा आहे यावर फार काही ठरत नाही. दुसरी बाजू अशी की स्लाइडवरून दिवस मोजणारा तो गप्पांसारखा व्हायवा चेकलिस्टमध्ये बसत नाही, म्हणून दोन्ही ठेवतात.

विषयाची परंपरा मुंबईत जुनी आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, केईएम हॉस्पिटल आणि त्याचं जीएस मेडिकल कॉलेज १९२६ चं, आणि ज्यांना भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते वसंत रामजी खानोलकर (१८९५ ते १९७८) या दोन्ही कॉलेजांत शिकवून पुढे टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलला गेले, कॅन्सर आणि कुष्ठरोगावर त्यांचं मोठं काम आहे.

राहिलं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. सही झालेलं जर्नल दाखवल्याशिवाय प्रॅक्टिकलला उभं करत नाहीत, त्यात स्लाइडची चित्रं गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी काढायची असतात. प्रत्यक्षात आदल्या रात्री होस्टेलच्या एका खोलीत एकाच्या जर्नलवरून दहा जण उतरवत बसतात, आणि त्या पहिल्याने झोपेत हार्टच्या मेलेल्या पेशींत सवयीने जांभळे न्यूक्लियस काढलेले असले की सकाळी सगळ्यांचे इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेले भाग) जिवंत झालेले असतात.