आयर्लंडमधील कॅथलिक चर्च आणि राजकारण

आयर्लंडमध्ये १९६१ च्या जनगणनेत सुमारे ९५ टक्के लोक कॅथलिक होते. २०२२ मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले. कोणताही धर्म नाही असे नोंदवणारे आता १४ टक्के आहेत. सुबत्ता आणि शिक्षण ही कारणे आहेतच, पण चर्चने सत्तेशी केलेली हातमिळवणी हे त्याहून खोलवरचे कारण मानावे लागते.

ब्रिटिश राजवटीत कॅथलिकांवर निर्बंध असल्यामुळे पाद्री लोकांना आपला वाटे. स्वातंत्र्यानंतर तेच पारडे फिरले. १९३७ च्या राज्यघटनेने चर्चला ‘विशेष स्थान’ दिले. शाळा आणि अनाथ मुलांच्या संस्था बहुतांशी चर्चच्याच हाती होत्या. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी माता व बालकांसाठी मोफत उपचारांची योजना मांडली. बिशपांनी आणि डॉक्टरांच्या संघटनेने ती हाणून पाडली. ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि बिशपांशी झालेला पत्रव्यवहार छापायला दिला. सरकार कुणाच्या शब्दावर चालते हे लोकांनी वर्तमानपत्रात वाचले.

विशेष स्थानाचे कलम १९७२ मध्ये सार्वमताने वगळले गेले. पकड मात्र सैल झाली नाही. १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला. पुढे चर्चच्या संस्थांमधील मुलांवरचे अत्याचार उघडकीस आले. त्यांच्या चौकशीचा २००९ चा रायन अहवाल भयंकर आहे: मारहाण, उपासमार, लैंगिक शोषण, आणि या मुलांपैकी अनेकांना तिथे पाठवणारी सरकारी न्यायालये.

मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवे येथे जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही, त्याचे ठोके चालू असल्याने गर्भपात नाकारला गेला. आयर्लंड ‘कॅथलिक देश’ असल्याचे त्यांना सांगितल्याची कबुली एका परिचारिकेने मृत्यूच्या चौकशीत दिली. सविता हिंदू होत्या; ज्या धर्माशी त्यांचा संबंध नव्हता, त्याची छाप असलेला कायदा त्यांच्यावर लादला गेला. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. त्या दिवसांत डब्लिनमधील सवितांच्या भित्तिचित्रावर लोकांनी माफी मागणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

आजही बहुसंख्य प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या अखत्यारीत आहेत. जागा अपुऱ्या असल्या की तिथे बाप्तिस्मा झालेल्या मुलांना अग्रक्रम मिळे, त्यामुळे श्रद्धा नसलेले काही पालकही केवळ प्रवेशासाठी बाप्तिस्मा करून घेत. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांपुरती ही सवलत बंद केली.