टॅगचं वजन: एक्सएमएल फुगलं कसं, बारीक करायचे प्रयत्न कुठनं आले

नाशिकमधे सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्यात अकाउंट्सला बघा, टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधनं डेटा एक्सएमएलमधे काढतात (प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, लावून लिहायची पद्धत), जीएसटीला जेसॉन फाईल (मजकुरातच माहिती लिहायची दुसरी पद्धत) चढवतात, आणि फाईल मोठी झाली की शिव्या नेटला. नेट बिचारं काय करणार. समजा लासलगावचा कांद्याचा भाव पाठवायचाय, <भाव>1850</भाव> असं लिहिलं (हो, एक्सएमएलमधे टॅग मराठीतही चालतो) तर यूटीएफ-8 मधे (अक्षरं बाइटात साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह, अगदी कानासुद्धा, 3 बाइट खातं, सगळे मिळून 27 बाइट आणि त्यात कामाचे 4. हेच प्रोटोबफमधे, म्हणजे गूगलच्या बायनरी पद्धतीत (वाचता येणाऱ्या मजकुराऐवजी थेट बाइट), 3 बाइटात बसतं.

आणि आटोपशीर पद्धती आधीपासून होत्याच की! एएसएन.1 चं मूळ 1984 चं, सन कंपनीचं एक्सडीआर 1987 चं, दोन्ही बायनरी. पण दोन्ही टोकांना आराखडा (कुठल्या जागी काय माहिती येणार ते) आधीच माहीत पाहिजे, आणि काही बिघडलं तर फाईल उघडून डोक्यावरनं जाते. 1998 ला डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं एक्सएमएल आणलं, एसजीएमएल ह्या जुन्या टॅगवाल्या पद्धतीचं सुटसुटीत रूप, ते नोटपॅडमधे वाचता येतं म्हणून पसरलं, पाठोपाठ एक्सएमएल-आरपीसी आणि सोप (एक्सएमएलचे मेसेज पाठवून दुसऱ्या मशीनकडनं काम करून घ्यायच्या पद्धती) आले आणि ते एचटीटीपीवरनं, म्हणजे वेबपानांच्याच वाटेनं, जात असल्यामुळे फायरवॉलमधे (नेटवर्कच्या राखणदारात) वेगळं पोर्ट, म्हणजे दार, उघडून मागायची कटकट संपली. आता सगळे नावं ठेवतात, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या कंपन्यांच्या सिस्टिम बोलत्या केल्या त्या ह्यानंच, मी तरी असंच म्हणेन.

मग वजन उतरवणं सुरू झालं. सोपा उपाय जीझिप, म्हणजे फाईल दाबून छोटी करायची, तेच तेच टॅग असल्यामुळे फाईल मस्त दबते, पण पलीकडच्या मशीनला ती उलगडून सगळा मजकूर पुन्हा वाचावाच लागतो, म्हणजे प्रोसेसरचं काम तसंच. फोटो वगैरे बेस64 नं (बायनरीची साधी अक्षरं करून) कोंबले तर 3 बाइटांचे 4 होतात, त्यावर 2005 ला एमटीओएम आलं, बायनरी भाग बाहेर वेगळा पाठवायचा. वॅपच्या (मोबाइलवरचं सुरुवातीचं इंटरनेट) जुन्या मोबाइलसाठी डब्ल्यूबीएक्सएमएल 1999 लाच आलेलं, टॅगऐवजी छोटे कोड.

खरं दमदार काम एक्सी, एक्सएमएलचंच बायनरी रूप, आराखडा हाताशी असला तर टॅगचं नाव पाठवतच नाही. पण डब्ल्यूथ्रीसीची शिफारस व्हायला 2011 उजाडलं, तोवर वेबवर जेसॉन बसलेलं आणि गूगलनं प्रोटोबफ 2008 लाच खुलं केलेलं, मग एक्सीकडे बघतंय कोण. तरी आयएसओ 15118 ह्या मानकात ते टिकलं, इलेक्ट्रिक गाडी आणि चार्जर आपसात बोलतात ना, त्या मेसेजमधे.