जपमाळेतले शंभर मणी आणि हिंगणघाटची कबर

हेरकथा वाचताना आपलं लक्ष पिस्तुलाकडे, पाठलागाकडे असतं. साधूच्या वेशातला हेर माळ ओढत चाललाय आणि मनात पावलं मोजतोय, असा प्रसंग आला की तो लेखकाच्या डोक्यातून निघालेला वाटतो. तो तसा नाही. या माळेचा माग काढत गेलं तर धागा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटातून जातो.

वेश पालटून बातमी काढणं आपल्याकडे जुनंच. कौटिल्याच्या यादीत तापस आहे, व्यापारी आहे, गृहस्थ आहे, भिक्षुकीही आहे. बहिर्जी नाईकांबद्दल काही वेगळं सांगायला नको. पण हे हेर आणायचे ती बातमी: कोण कुठे आहे, फौज किती, दाणागोटा किती. अंतर, उंची आणि दिशा आकड्यांत आणणारा हेर एकोणिसाव्या शतकातला, आणि त्याची घडण देशाचा नकाशा करणाऱ्या इंग्रजांच्या मोजणी खात्यात झाली.

त्या मोजणीची सुरुवात १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ झाली. विल्यम लॅम्बटनने साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा मोजायला घेतली. हत्यार होतं १०० फुटी पोलादी साखळी. मोजायला ५७ दिवस लागले, कारण पोलाद उन्हात वाढतं. सकाळ आणि दुपार यांच्यात १७ अंश सेल्सियसचा फरक धरला, तर एका साखळीत साधारण ६ मिलिमीटर. १२ किलोमीटरला अशा जवळपास ४०० साखळ्या पडतात. चूक अडीच मीटरच्या घरात जाते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांवर, तंबूच्या सावलीत, शेजारी थर्मामीटर ठेवून ताणायची. एकदा ही रेषा पक्की झाली की तिच्या टोकांपासून कोन मोजत पुढे त्रिकोणावर त्रिकोण. त्यासाठी लागणारा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, अर्धा टन वजनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आपटला आणि त्याची चकती वाकली. लॅम्बटनने दीड महिना खपून ती सरळ केली.

दक्षिणेतून वर येत येत हे काम वऱ्हाड-नागपूरच्या उंबरठ्यावर आलं. सीताबर्डीची लढाई होऊन पाच वर्षं झाली होती, नागपूरच्या गादीवर अल्पवयीन राजा आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हातात. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन हिंगणघाटला वारला आणि तिथेच पुरला गेला. पुढचं काम त्याच्या साहाय्यकाकडे आलं. त्याचं आडनाव एव्हरेस्ट. हिमालयातल्या त्या शिखराला हे नाव पडलं १८६५ मध्ये. शिखर पोरांना तोंडपाठ असतं. कबर आपल्याच मुलखात आहे हे मात्र कुणी सांगत नाही.

टेकडीवर दुर्बीण लावणाऱ्यांवर लोकांचा संशय असायचाच, आणि तो अगदी खुळा नव्हता. नकाशा आधी, फौज मागून, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तिबेटने तर मोजणीवाल्यांना सीमेवरच अडवलं. मग १८६३ मध्ये कॅप्टन माँटगोमेरीने कुमाऊंच्या मिलम गावचे नैनसिंग आणि मानीसिंग हे चुलतभाऊ डेहराडूनला आणून त्यांना वेश पालटून मोजणी करायला शिकवलं.

त्यांचं साहित्य बघण्यासारखं आहे. माळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा. २,००० पावलं म्हणजे एक मैल, म्हणून एक माळ पाच मैलांची. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांच्या कागदपट्ट्या. पेटीला खोटा तळ, त्यात सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्यांचा कोन मोजायचं यंत्र. पारा कवड्यांत भरलेला; रात्री तो वाडग्यात ओतला की सपाट आरसा तयार. ताऱ्याचा आणि पाऱ्यातल्या प्रतिबिंबाचा कोन मोजायचा आणि निम्मा करायचा; त्यावरून अक्षांश काढायचा. वारा सुटला की पारा हलतो आणि ती रात्र वाया जाते.

उंची काढायची उकळत्या पाण्यावरून. थर्मामीटर काठीच्या पोकळीत लपवलेला. दर ३०० मीटरला उकळबिंदू सुमारे एक अंश उतरतो. चिखलदऱ्याला पाणी ९६-९७ अंशांना उकळतं, तुरीची डाळ तिथे म्हणूनच जरा वेळ घेते. ल्हासाला ते ८८ च्या आसपास. याचा दुसरा अर्थ असा की थर्मामीटर एक अंशाने खोटा बोलला तर आख्खा डोंगर ३०० मीटरने वर-खाली होतो.

पावलाची गोष्ट तशीच. पाऊल अर्ध्या इंचाने आखूड पडलं तर मैलामागे ८३ फूट गेले. चढावर पाऊल आपोआप आखडतं, उतारावर लांबतं. दोन्हीकडे ते सारखंच टाकायचं, हेच खरं शिक्षण. जानेवारी १८६६ मध्ये नैनसिंग ल्हासाला पोचला. सगळी वाट सुमारे १,२०० मैलांची, म्हणजे २४ लाख पावलं. हेरगिरीतला हा कंटाळा कादंबरीत येत नाही, आणि आला तर कुणी वाचणार नाही. तरी किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ या कादंबरीतला पोरगा शाळेत मोजणीच शिकतो, तो यामुळेच.

किंथुपचं तर वेगळंच झालं. तो सिक्कीमचा शिंपी, निरक्षर. १८८० मध्ये तिबेटातली त्सांगपो नदी हीच ब्रह्मपुत्रा का, हे बघायला एका लामासोबत निघाला. लामाने त्याला वाटेत विकून टाकलं. सुटका करून घेऊन त्याने ५०० ओंडके तयार केले आणि ठरल्याप्रमाणे रोज ५० असे नदीत सोडले. आसामात ते बघायला कुणीच नव्हतं: ज्या अधिकाऱ्याला निरोप धाडला होता, तो हिंदुस्थान सोडून गेला होता. किंथुप चार वर्षांनी परतला.

मोजणीची ती शिस्त गावात उरली ती शेताच्या साखळीत. वऱ्हाडात मोजणी मुंबई पद्धतीने झाली: ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. एक आणा पावणेपंचवीस इंचांचा, आणि धुऱ्याचं भांडण बहुतेक वेळा तेवढ्याचंच असतं.

नैनसिंगाचं पाऊल साडेएकतीस इंचांच्या थोडं वर. रस्त्यावर किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत अशी १,२४३ पावलं बसतात: बारा मणी आणि वर ४३. साध्या चालीला त्याहून जास्त भरतात. हे डांबरी रस्त्यावरच करावं. पावसाळ्यात काळ्या मातीत चपलेला दोन किलोचा चिखल लागला की कोणतंच पाऊल मागच्यासारखं पडत नाही.