हिल हाऊसमध्ये पाणी कुठे मुरलं?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या वायव्येला, क्लाइड नदीच्या मुखाजवळ हेलेन्सबर्ग हे गाव आहे. तिथल्या चढावर एक घर पोलादी पेटीत ठेवलेलं आहे. घर १९०२ ते १९०४ या काळात बांधलं गेलं, पेटी २०१९ साली आली. घराचं नाव हिल हाऊस, वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश.

मालक वॉल्टर ब्लॅकी प्रकाशन व्यवसायातले. (त्यांच्या ब्लॅकी अँड सन कंपनीचं मुंबईतही कार्यालय होतं.) त्यांनी मॅकिन्टॉशला बजावलं होतं, की विटांचं, लाल कौलांचं किंवा लाकडी तुळया मिरवणारं घर नको, करडा खडबडीत गिलावा आणि पाटीच्या दगडाचं छप्पर हवं. मॅकिन्टॉशच्या मनात आधीच जुने स्कॉटिश गढीवजा वाडे होते : जाड भिंती, लहान खिडक्या, जिन्याचा गोल बुरूज.

त्या वाड्यांवरच्या गिलाव्याला हार्लिंग म्हणतात. चुना आणि बारीक खडी कालवून गवंडी तो माल भिंतीवर थापत नाही, फेकून मारतो. त्यामुळे तो घट्ट बसतो, आणि खडबडीत पृष्ठभागावरून पाणी उडून जायला जागाही जास्त मिळते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, पण सच्छिद्रच राहतो. पावसात ओला झाला तरी उघडीप मिळताच तो ओल बाहेर सोडतो.

मॅकिन्टॉशने चुना सोडून पोर्टलँड सिमेंट घेतलं. त्या काळी ते नव्या युगाचं साहित्य होतं : कठीण आणि पाणी अडवणारं. त्यावर भिस्त ठेवून त्याने आणखी एक धाडस केलं. भिंतींच्या माथ्यावर पुढे आलेल्या दगडी पट्ट्या असतात, त्यांच्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. त्या त्याने बऱ्याच ठिकाणी गाळल्या आणि गिलावा थेट माथ्यावरून वळवून नेला. कडा सुरेख दिसल्या, यात वाद नाही. पण पश्चिम स्कॉटलंडच्या पावसात पागोळ्यांची सोय गाळणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

सिमेंट ताठर असतं. ऊन-थंडीने भिंत किंचित हलली की त्याला केसासारख्या चिरा पडतात. केशाकर्षणाने पाणी त्यांतून आत ओढलं जातं. वाफ होऊन बाहेर पडायची वाट मात्र सिमेंटने जवळपास बुजवलेली असते. ओल्या कपड्यांवर रेनकोट चढवल्यावर होतं तेच भिंतीचं झालं. आतला वालुकाश्म भिजत राहिला, ओल खोल्यांपर्यंत पोचली. जुन्या दगडी वाड्यांना सिमेंटचा गिलावा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१९८२ साली घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आलं. डागडुजी होत राहिली, ओल हटली नाही. शेवटी कारमोडी ग्रोअर्क या वास्तुकारांनी घराभोवती पोलादी सांगाडा उभारला, वर छप्पर घातलं आणि चारी बाजूंनी चिलखतासारखी कड्यांची जाळी सोडली. तिच्यात सुमारे सव्वातीन कोटी कडी आहेत. बंद भिंती घातल्या असत्या तर दमटपणा आतच कोंडला असता; जाळी पावसाचा मारा थोपवते, वारा मात्र खेळता ठेवते. भिंती वर्षानुवर्षं सावकाश वाळत राहतात, आणि दरम्यान पाहुणे उंच पुलांवरून धुराड्यांच्या पातळीला फिरून येतात.

खरा पेच पुढचा आहे. भिंती वाळल्यावर मॅकिन्टॉशचंच सिमेंट पुन्हा चढवलं तर ओल परतणार; चुना वापरला तर घर टिकेल, पण त्याने निवडलेलं साहित्य जाईल. मला विचाराल तर चुना, आणि गरज पडेल तिथे माथ्यावरची पट्टीसुद्धा.