बॅक्टेरिया म्हणजे बुरशी नव्हे, आणि झाड तर नाहीच

बऱ्याच लोकांच्या डोक्यात बॅक्टेरिया, बुरशी, शेवाळ हे सगळं एकच असतं, ओलसर जागी वाढणारं काहीतरी बारीक, आणि मग गजकर्ण झालं, जे बुरशीमुळे होतं, की घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतात आणि खाज तशीच राहते. असं वाटण्यात त्यांची काही चूक नाही, कारण शास्त्रज्ञांनीही शंभरेक वर्षं बॅक्टेरियाला वनस्पतींमध्येच बसवलं होतं.

तेव्हा सजीवांची खाती दोनच, प्राणी आणि वनस्पती. पेशीभोवती कडक भिंत दिसली की वनस्पती, त्यामुळे बुरशीही तिकडेच आणि बॅक्टेरियाही तिकडेच. 1857 मध्ये नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने बॅक्टेरियाला जे नाव दिलं त्याचा अर्थच होता दुभंगून वाढणारी बुरशी, आणि फर्डिनंड कोन, ज्याने 1872 मध्ये आकार बघून बॅक्टेरियाचे गट पाडले, त्यानेही त्यांना वनस्पतींमध्येच ठेवलं. एर्न्स्ट हेकेलने 1866 मध्येच केंद्रक नसलेल्या जिवांसाठी मोनेरा असा वेगळा गट काढला होता, पण ते सगळ्यांना पटायला फार काळ गेला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर पेशीच्या आतलं नीट दिसायला लागलं आणि 1962 मध्ये स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी स्पष्ट मांडलं की खरा फरक केंद्रकाचा आहे. बॅक्टेरियाच्या डीएनएभोवती पडदाच नसतो, आणि झाड, बुरशी, माणूस तिघांच्याही पेशीत तो असतो. मग 1969 मध्ये व्हिटेकरची पाच सृष्टींची पद्धत आली, आपल्या शाळेच्या पुस्तकात असते तीच, आणि त्यात बुरशीलाही वनस्पतींपासून वेगळं घर मिळालं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी उलथापालथ 1977 ची. अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दिसणं, आकार वगैरे बाजूला ठेवून प्रत्येक पेशीत असणाऱ्या रायबोसोमचा आरएनए तपासला. पेशी कुठलीही असो, प्रोटीन बनवायला रायबोसोम लागतोच आणि त्याचा आरएनए फार सावकाश बदलतो, म्हणून त्यातली अक्षरं जुळवून कोण कोणाच्या किती जवळचं ते काढता येतं. त्यातून आर्किया नावाचा, बॅक्टेरियासारखा दिसणारा पण वेगळा, तिसराच गट समोर आला आणि हेही कळलं की झाडं, बुरशी आणि प्राणी एकाच फांदीवर आहेत, बॅक्टेरिया त्यांच्यापासून खूप लांब. पुढे 1993 मध्ये अजून एक धक्का, बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं निघालं. तिच्या भिंतीत कायटिन असतं, जे खेकड्याच्या कवचात असतं, आणि ती साठा स्टार्चचा नाही तर आपल्यासारखा ग्लायकोजेनचा करते. म्हणजे अळंबी भाजीवाल्याकडे मिळत असली तरी नात्याने ती मेथीपेक्षा आपल्या जवळची.

भातशेतीत नत्रासाठी सोडतात ते निळं-हिरवं शेवाळसुद्धा बॅक्टेरियाच आहे, सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं म्हणून झाडासारखं वाटतं. उलट झाडांच्या पानातलं हरितलवक हेच मुळात अशा एका बॅक्टेरियापासून आलेलं आहे, जो कधीकाळी दुसऱ्या पेशीच्या आत शिरला आणि तिथेच राहिला.

सगळ्यात फसवणारा मात्र स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतला बॅक्टेरिया. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो बऱ्याच अंशी याचा. हा मातीत धाग्यांचं जाळं करतो, टोकाला बीजाणू धरतो, प्लेटवर वाढवला तर दिसतोही बुरशीसारखा पिठूळ, त्यामुळे याच्या गटाला बरीच वर्षं बुरशीतच मोजलं गेलं. पण त्याचे धागे बुरशीच्या धाग्यापेक्षा कितीतरी बारीक असतात, आत केंद्रक नसतं आणि भिंत पेप्टिडोग्लायकॅनची असते, जे फक्त बॅक्टेरियाच्या भिंतीत सापडतं, म्हणजे पक्का बॅक्टेरिया.

आणि औषधाचं सगळं गणित इथेच येतं. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकॅनची भिंत बनू देत नाही, स्ट्रेप्टोमायसिन बॅक्टेरियाच्या रायबोसोमला धरतं, बुरशीत ती भिंतही नाही आणि तसा रायबोसोमही नाही, मग गजकर्णावर ही औषधं काय करणार. बुरशीवर औषध शोधणं अवघड जातं तेही नात्यामुळेच, तिची पेशी आपल्या पेशीसारखी, तिला मारायला जावं तर आपल्यालाही लागतं. उपयोगी पडणारा एक फरक म्हणजे आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं आणि बुरशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल.

याचं एक उदाहरण आपल्या पिंपरीचं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. 1954 मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध कंपनीत डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक शोधून काढलं, तेही एका स्ट्रेप्टोमायसिसमधून, आणि त्या जातीला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हॅमायसिन बुरशीच्या अर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि पडदा गळका करतं. स्ट्रेप्टोमायसिसच्या स्वतःच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नसतंच, त्यामुळे तो हे विष बनवतो आणि त्याला काही होत नाही.